पक्षी 'तिकडे' जात नाहीत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात ठाण्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, रस्त्यासाठी आणि टॉवरसाठी जी झाडं जातायत त्याबद्दल. त्यांचं म्हणणं असं की एवढा आरडाओरडा कशाला, एकाच्या बदल्यात दहा झाडं दुसरीकडे लावतातच, ठाण्याला पाऊस पण भरपूर आहे, पाच-सात वर्षांत तिकडे नवीन जंगल उभं राहील, आणि पक्ष्यांचं काय, पंख आहेत त्यांना, ते तिकडे जातील. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या गृहस्थांचा हेतू वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही, आमच्या सोसायटीत पण बहुतेक सगळे असंच बोलतात. पण "पक्षी तिकडे जातील" हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पत्र मोठं झालंय. कापायचं असेल तर कापा, फक्त शेवटी नाल्याबद्दल जे लिहिलंय ते ठेवा ही विनंती.

मी वर्तकनगरला एकतीस वर्षं राहते. शाळेत भूगोल शिकवायचे, रिटायर झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी दुर्बीण घेऊन येऊरला, म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कच्या ठाण्याकडच्या जंगलात जाते आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवते. शास्त्रज्ञ वगैरे मी नाही. पण भूगोल शिकवल्यामुळे पाऊस आणि डोंगर हे दोन शब्द कुणी असे सहज टाकून दिले की मला राहवत नाही.

आधी पावसाचंच बोलते. ठाण्याला वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंगापूरला पण जवळपास तेवढाच, थोडा कमीच म्हणा. मग सिंगापूरचं मूळचं जंगल बारमाही हिरवं वर्षावन आणि आपलं येऊरचं जंगल पानझडी, असं का? कारण तिकडे तो पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो, एक महिना असा नाही की जो अगदी कोरडा गेला, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळा कोसळून मोकळा होतो, ऑक्टोबरात काय थोडा येईल तो, मग मे संपेपर्यंत आभाळ कोरडं. आंबोलीला तर सात हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, ठाण्याच्या अडीच पटीहून जास्त, पण तो पण त्याच चार महिन्यांत. मी वर्गात सांगायचे की महिन्याचा किराणा आणला आणि चार दिवसांत संपवून टाकला तर उरलेले सव्वीस दिवस काय खाणार. म्हणजे पाऊस किती पडला एवढंच विचारून भागत नाही, किती महिने पडलाच नाही हे पण विचारायला लागतं.

आता याचा पक्ष्यांशी संबंध काय? तर सगळा संबंध आहे. जिथे बारा महिने ओल आहे तिथे बारा महिने कुठलं ना कुठलं झाड फळावर असतं, बारा महिने किडे असतात, त्यामुळे एखाद्या पक्ष्याला एकाच प्रकारच्या खाण्यावर आख्खं आयुष्य काढता येतं. अमेझॉनमध्ये असे पक्षी आहेत की जे फक्त सैनिक मुंग्यांच्या फौजेच्या मागे फिरतात, मुंग्या जमिनीवरून निघाल्या की पाल्यातले किडे घाबरून उड्या मारत बाहेर येतात आणि हे पक्षी ते टिपतात, मुंग्यांना ते खात नाहीत बरं का. रोज हेच काम. असा पक्षी येऊरला आणून सोडला तर मार्चमध्ये तो खाणार काय? आपल्याकडे टिकतो तो बुलबुल, जो फळं खातो, किडे खातो, पांगाऱ्याचा मध पितो, आणि सोसायटीच्या कुंडीतलं पाणी पण चालतं त्याला. पक्ष्यांच्या जाती कुठे वाढतात आणि कुठे कमी राहतात याचं मोठं उत्तर या कोरड्या महिन्यांत आहे.

सह्याद्रीत हे उत्तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. सोळाशे किलोमीटरची ही रांग, खाली केरळात जून ते सप्टेंबरचा पाऊस आहे, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा दणकून आहे, आणि उन्हाळ्यात पण सरी येतात, त्यामुळे कोरडे महिने थोडेच. जसजसं उत्तरेला यावं तसतसे ते महिने वाढत जातात, आपल्याकडे सात-आठ होतात. आणि फक्त सह्याद्रीतच सापडणाऱ्या पक्ष्यांची यादी पण तशीच दक्षिणेकडून उत्तरेकडे छोटी होत येते. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही मैत्रिणी केरळात थट्टेकाडला गेलो होतो, पेरियार नदीकाठचं छोटंसं अभयारण्य आहे, पंचवीस चौरस किलोमीटरचं, सलीम अलींनी नावाजलेलं. निघायच्या आदल्या आठवड्यात येऊरला पाय टाकला की पाला चुरचुर वाजत होता आणि थट्टेकाडला त्याच महिन्यात चपला चिखलात रुतत होत्या. तिथल्या गाइडने एका वेलीच्या जाळीकडे बोट दाखवलं, मला नुसती वाळकी पानं दिसत होती, पाच मिनिटं बघून पण पानंच, मग त्यातल्या एका पानाने डोळा किलकिला केला. फ्रॉगमाउथची जोडी होती, एकमेकांना खेटून झोपलेली. मी घरी येऊन नातवाला त्याचं चित्र काढून दाखवलं. तो पक्षी दिवसभर तसाच त्या दमट सावलीत बसून असतो, आणि ती सावलीच फेब्रुवारीत गळून गेली तर त्याने बसायचं कुठे?

आता डोंगर. पेरू देशात मनू नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे एका पार्कात हजारहून जास्त जातींचे पक्षी आहेत. आपल्या सबंध भारतात तेराशेच्या वर आहेत, यावरून काय ते समजा. हे नुसत्या पावसाने झालेलं नाही. ते पार्क खाली अमेझॉनच्या सपाटीवर तीनशेएक मीटरपासून सुरू होतं आणि अँडीज पर्वतावर चार हजार मीटरच्या आसपास जातं, आणि चढताना दर थोड्या उंचीला हवा बदलते, झाडं बदलतात, ढग अडकणारं जंगल लागतं, पक्षी बदलतात. डॅनियल जॅन्झन म्हणून शास्त्रज्ञ आहेत त्यांनी १९६७ साली फार छान मुद्दा मांडला होता, की विषुववृत्ताकडच्या डोंगराची खिंड तिथल्या प्राण्यांना जास्त उंच असते. म्हणजे मीटरमध्ये नाही. थंड देशातला प्राणी एकाच जागी कडाक्याची थंडी पण सोसतो आणि उन्हाळा पण, त्यामुळे डोंगर चढताना गारठा लागला तरी त्याला त्याचं काही नवल नाही. पण जिथे वर्षभर हवा एकसारखी आहे तिथला जीव दुसरी हवा कधी बघतच नाही, मग पाचशे मीटर वरची थंडी त्याला भिंतीसारखी होते. म्हणून एका डोंगराच्या दोन उतारांवर, एका दरीच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या जाती तयार होत जातात, लाखो वर्षांत.

यासाठी पेरूलाच जायला पाहिजे असं नाही. पालघाटची खिंड आहे ना, कोइंबतूरहून केरळात उतरताना लागते ती, तीस-चाळीस किलोमीटर रुंद. तिच्या उत्तरेला निलगिरीत, दक्षिणेला अनामलाईत, दोन्हीकडे उंचावर शोला जंगलं, म्हणजे डोंगरांच्या घड्यांतली बुटकी सदाहरित रानं, आणि त्यात जमिनीलगत राहणारा एक छोटासा निळा पक्षी. लांबून सारखाच वाटतो. पण खिंडीच्या अल्याडचा वेगळा आणि पल्याडचा वेगळा, कारण मधला तो गरम कोरडा पट्टा ते ओलांडत नाहीत. आपल्याच देशातल्या संशोधकांनी यांचे जनुक तपासले आणि २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला ही वेगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (genus), मांडली. पंख आहेत त्यांना! तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे ठाणे ते चर्चगेट, आणि ते हजारो पिढ्यांत गेले नाहीत.

हे पंखांचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण कबुतर, घार, कावळा बघतो आणि समजतो की पक्षी म्हणजे मोकळ्या आकाशातला जीव. वर्षावनाच्या तळाशी राहणारे पक्षी तसे नसतात. तिथे खाली अंधार असतो, गारवा असतो, वारा नसतो, आणि ऊन पडलेल्या उघड्या जागेत यायला ते पक्षी तयार होत नाहीत. अमेझॉनमध्ये ट्रंपेटर नावाचा कोंबडीएवढा पक्षी आहे, जमिनीवर फिरणारा, नदीच्या या काठाला त्याची एक जात आणि त्या काठाला दुसरी. नद्या अशा जातींच्या सीमा होतात हे आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने तिथल्या माकडांवरून १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे पनामात संशोधकांनी जंगलातले पक्षी होडीतून तळ्यात नेले आणि काठापासून शंभर, दोनशे, तीनशे मीटरवर सोडले. २००८ साली ते छापून आलं. काही जाती आरामात काठावर पोचल्या, पण काहींना शंभर मीटर पण जमलं नाही. शंभर मीटर म्हणजे उपवन तलावाच्या एका काठावरून समोर कुणी उभं आहे ते दिसतं एवढंच अंतर. तो प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती, कारण मला लगेच आपला घोडबंदर रोड आठवला.

घोडबंदर रोडच्या एका बाजूला येऊरचं, म्हणजे नॅशनल पार्कचं जंगल आणि पलीकडे खाडीपर्यंत नागला ब्लॉकचं. पूर्वी ते एकच होतं. पुढे खाडीपलीकडे तुंगारेश्वरचं अभयारण्य. बिबट्याच्या कॉरिडॉरबद्दल, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाटेबद्दल, सगळे बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण पाल्यात उड्या मारत फिरणारा तो तपकिरी, छातीवर रेघा असलेला पफ थ्रोटेड बॅबलर, ज्याची शीळ येऊरच्या पाटोणपाड्याच्या वाटेवर रोज सकाळी ऐकू येते, तो हा रस्ता ओलांडतो का? दिवसरात्र ट्रक, लाइट, वरून मेट्रोचे खांब. माझ्या वहीत इतक्या वर्षांत तो रस्त्यावरून उडाल्याची एक पण नोंद नाही. माझी वही म्हणजे पुरावा नाही हे मला कळतं, पण कुणीतरी नीट मोजायला पाहिजे की नाही. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराच्या उत्तरेला १९७९ पासून हेच मोजतायत, जंगलाचे एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टरचे तुकडे वेगळे पडले की त्यात काय उरतं ते. मुंग्यांमागे फिरणारे पक्षी लहान तुकड्यांतून पटकन गेले, कारण मुंग्यांच्या फौजेलाच तेवढी जागा पुरत नाही. झाडं होती, उभीच होती. पक्षी गेले. आणि ते "तिकडे" गेले नाहीत, कारण तिकडे जे जंगल होतं त्यात आधीच त्यांच्या जातीचे पक्षी आपापली हद्द धरून बसलेले असतात, भरलेल्या डब्यात शेवटच्या स्टेशनवरचा माणूस चढतो तसं ते होत नाही.

माझी मुलगी खारघरला असते, तिच्याकडे गेलं की सगळे फ्लेमिंगोचं सांगतात. मला पण आवडतात, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तेव्हा मी पेढे वाटले होते. पण तिथे पक्षी हजारोंनी असले तरी फ्लेमिंगोच्या जाती दोनच. वर्षावनात उलटं असतं. जाती शेकड्यांनी आणि एकेका जातीचे पक्षी थोडेसे, विखुरलेले. तासभर चालून एखाद्या जातीची एकच जोडी भेटते. म्हणून तिथे एक दरी गेली तर कुणाला कळत पण नाही की त्यात एखाद्या जातीच्या जोड्या किती होत्या. गर्दी आणि विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकडा छापताना तुमच्यासारख्या पेपरने तरी हा फरक सांगावा असं वाटतं.

आता झाडं लावण्याबद्दल. मी स्वतः झाडं लावलीत, माझा विरोध नाही. पण टेकडीवर रांगेने गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की ते जंगल होत नाही. त्यात पोकळ खोड नाही, उंबर नाही, वेली नाहीत, खाली कारवी नाही, कुजलेलं लाकूड नाही. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर महिनोन् महिने तिला फळं भरवतो, तर ढोली पडायला झाड म्हातारं व्हायला लागतं, पाच वर्षांच्या रोपाला ढोली कुठून येणार? आणि उंबर-वडाची फळं जवळपास वर्षभर कुठे ना कुठे पिकत राहिली पाहिजेत, नाहीतर तो नर आणणार काय. दोडामार्ग-तिलारीकडे जिथे मोठा धनेश अजून आहे तिथे जाऊन बघा, ती जुनी जंगलं आहेत.

बरं, मग आपलं येऊर कोरडं, पानझडी, त्यात एवढं काय राखायचं, असं कुणी म्हणेल. इथेच मला नाल्याचं सांगायचंय.

येऊरचा डोंगर उंच नाही, नॅशनल पार्कचं सगळ्यात उंच टोक पण पावणेपाचशे मीटरच्या आसपास. पण त्याला घड्या आहेत. त्या घड्यांतून ओढे उतरतात आणि एप्रिलमध्ये जेव्हा वरचं सगळं रान पिवळं पडलेलं असतं तेव्हा या घळींत जांभूळ, करंज, उंबर, आंबा हिरवेगार असतात. आत शिरलं की हवाच बदलते, घाम सुकतो. जो पाऊस चार महिन्यांत पडून गेला त्यातला थोडा या घडीने धरून ठेवलेला असतो. केरळात आभाळ जे काम करतं ते इथे डोंगराची ही घडी करते, लहान प्रमाणात, पण करते. स्वर्गीय नर्तक तिथे, निळा टिकेल्स फ्लायकॅचर तिथे, शीळकरी कस्तुर तिथे. विगर्स सनबर्ड, जो जगात फक्त सह्याद्रीच्या या पट्ट्यात आहे, तो पण या जंगलात आहे.

आणि तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, निळा, पिवळा, जांभळा, पावसाच्या तोंडावर कोकणात येतो आणि जूनपासून ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कड्यात बोगदा करून घरटं करतो. कर्नाळ्याला तो बघायला लोक लांबून येतात. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीच्या काचेवर एका जूनमध्ये पहाटे एक आपटला होता, मी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून अंधारात ठेवला, दोन तासांनी खडबडायला लागला तेव्हा नाल्याकडे नेऊन सोडला. तो नाला डोंगराच्या पायथ्याचा, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी मातीचे कडे होते. दोन वर्षांनी त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत झाली, तळाला पण काँक्रीट. पूर येऊ नये म्हणून केलं असं सांगितलं. एक झाड तोडलं नाही, उलट भिंतीच्या कडेने नवीन झाडं लावली, फलक लावला, फोटो काढले. कागदावर झाडं वाढलीच आहेत. पण काँक्रीटमध्ये त्या पक्ष्याने चोच कुठे मारायची? पाऊस तोच आहे, झाडं आहेत, पक्ष्याला पंख पण आहेत, आणि त्या नाल्यावर तेव्हापासून माझ्या वहीत तिबोटी खंड्या नाही.

सिंगापूरचं सुरुवातीला लिहिलं होतं ते पूर्ण करते. पाऊस आजही तिथे बारा महिने पडतो, पण मूळच्या जंगलाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग गेला आणि जंगलातल्या पक्ष्यांच्या निम्म्याहून जास्त जाती त्या बेटावरून संपल्या. शहर हिरवंगार आहे, रस्त्यारस्त्यावर झाडं आहेत. आणि जिथे कुणी कुऱ्हाड पण लावली नाही त्या अमेझॉनच्या जंगलात चाळीस वर्षं पक्षी पकडून, वजन करून, सोडून देत होते, २०२१ मध्ये आलं ते की तपासलेल्या ७७ जातींचे पक्षी पूर्वीपेक्षा हलके झालेत, त्यातल्या साधारण एक तृतीयांश जातींचे पंख लांब झालेत, कोरडा काळ जास्त गरम आणि कोरडा झाला त्याचा हा परिणाम. पेरूतल्याच एका डोंगरकण्यावर १९८५ ला मोजलेले पक्षी २०१७ ला पुन्हा मोजले, मधल्या काळात तापमान जेमतेम अर्धा अंश वाढलं होतं, तरी पक्षी वर सरकलेले दिसले आणि जे आधीच माथ्यावर राहायचे त्यातले काही सापडलेच नाहीत. त्यांना वर जायला डोंगर उरला नव्हता. येऊरला तर पावणेपाचशे मीटरच आहेत. आपल्याकडे उन्हाळा वाढला की पक्ष्यांना सरकायला उंची नाही, फक्त त्या ओल्या घळी आहेत, आणि आपण त्याच पाइपात घालतोय.

म्हणून माझ्या दोन-तीन मागण्या आहेत, ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत तुमच्या पेपरने पोचवाव्यात. बदल्यात किती झाडं लावली हा आकडा जाहीर करताना जिथून तोडली तिथे कुठले पक्षी होते, ते कुठल्या महिन्यात मोजले, हे पण जाहीर करा, नुसत्या डिसेंबरात मोजू नका, मे आणि जुलैत पण मोजा. येऊरच्या पायथ्याचे जे नाले अजून मातीचे आहेत त्यांची यादी करा आणि पूर रोखायचाच असेल तर एका बाजूचा कडा तरी मोकळा सोडा, पात्र रुंद ठेवा. घोडबंदर रोडवर नागल्याच्या बाजूला जिथे दोन्हीकडची झाडं अजून वरून एकमेकांना टेकतात त्या जागा तरी रुंदीकरणात वाचवा, जमिनीवरच्या जीवांसाठी खालून सलग झाडी असलेली वाट ठेवा. आणि ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझं मनापासून आमंत्रण आहे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की सकाळी सहाला येऊरच्या गेटपाशी या. वरचा एक ओढा अजून मातीचा आहे, तिथे मागच्या वर्षी बोगद्याच्या तोंडाशी चोचीत पाल धरून बसलेला तिबोटी मी बघितलाय. छत्री आणा, दुर्बीण माझ्याकडे एक जास्तीची आहे.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)